ग्राफिक्स कार्ड आधी की प्रोसेसर? पहिल्यांदा अपग्रेड करणाऱ्यांसाठी, इंदूरहून

माझा गेमिंग कॉम्प्युटर २०१८ च्या शेवटी जोडलेला. रायझन ३ १२०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. २०२३ मध्ये पैसे साठले तसा मी थेट आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल गाठला आणि आरटीएक्स ३०६० घेऊन रामबागेतल्या घरी आलो. रात्री व्हॅलोरंट लावला, तर फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, म्हणजेच एफपीएस) जवळपास जुन्या कार्डावर मिळायच्या तेवढ्याच. मोठ्या गेममध्ये चित्र सुंदर दिसायला लागलं, पण दर थोड्या वेळाने गेम झटका खायचा. कार्डच खराब निघालं असं वाटून दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेलो. कार्ड ठणठणीत होतं. अडत होता तो प्रोसेसर, आणि त्याच्या जोडीला ती एकटी रॅम.

मग चार महिन्यांत रॅमची दुसरी पट्टी, नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि शेवटी रायझन ५ ५६०० असं एकेक घेत गेलो. वस्तू सगळ्या बरोबर होत्या, क्रम पूर्ण उलटा होता. आता ओळखीतलं कुणी अपग्रेडचं विचारायला आलं की मी खाली दिलाय त्याच क्रमाने सांगतो. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या महिन्या-महिन्याला हलतात आणि जुन्या आकड्यावर बेत आखला की बाजारात फजिती होते.

## १. आधी घरी मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि पूर्णपणे फुकट आहे, तरी बहुतेक जण हीच टाळतात.

एमएसआय आफ्टरबर्नर हा मोजमापाचा प्रोग्राम उतरवून घ्या. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो, तोही बसवा. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी हे चालतं. सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावर इतक्या गोष्टी दिसतील असं करा: कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम, कार्ड आणि प्रोसेसर दोघांचं तापमान, एफपीएस आणि फ्रेम-टाइमचा (एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर मोजमाप फसतं. आता नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर वीस मिनिटं खेळा. गर्दीच्या, मारामारीच्या जागी खेळा. रिकाम्या रस्त्यावर सगळेच कॉम्प्युटर चांगले चालतात.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्क्यांवर टिकून असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय आणि वेग त्याच्याच हातात आहे. नवं कार्ड घेतलंत तर फरक दिसेल. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एफपीएसही कमी आहेत, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. माझं ३०६० त्या रात्री ४५ टक्क्यांवर होतं आणि चारही कोअर शंभराला टेकलेले. प्रोसेसरचे हे आकडे कार्ड घ्यायच्या आधी पाहिले असते तर तो पहिला खर्च मी प्रोसेसरवर केला असता.

इथे एक फसवी जागा आहे. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसरचा एकूण वापर दिसतो, समजा ४० टक्के, आणि आपण म्हणतो प्रोसेसर तर आरामात आहे. पण गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन थ्रेडवरच चालतं. तो एक थ्रेड भरला की बाकीचे दहा रिकामे असून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक थ्रेडचा आकडा वेगळा पाहायचा.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी करा. त्याच जागी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस भरपूर वाढले तर अडसर कार्डाचा होता. जवळपास तेवढेच राहिले तर अडसर प्रोसेसरचा, कारण चित्र लहान केल्याने कार्डाचं काम हलकं होतं, प्रोसेसरचं नाही.

कुठला भाग अडतो ते सांगणारे बॉटलनेक कॅल्क्युलेटर नावाचे प्रकार इंटरनेटवर आहेत. कार्ड आणि प्रोसेसर अशी दोन नावं टाका, ते १७ टक्के की २३ टक्के असं काहीतरी दाखवतात. त्यांच्या भरवशावर एक रुपयाही खर्च करू नका. तोच कॉम्प्युटर एका गेममध्ये कार्डापाशी अडतो आणि दुसऱ्यात प्रोसेसरपाशी. काउंटर-स्ट्राईक, व्हॅलोरंट असे वेगवान गेम प्रोसेसर मागतात. सायबरपंक २०७७ चांगल्या सेटिंगवर लावला तर तो कार्ड मागतो. तुम्ही काय खेळता, यावर अर्धं उत्तर ठरतं.

## २. रॅम आणि मॉनिटर बघून घ्या

रॅमची एकच पट्टी असेल तर ती सिंगल चॅनलवर चालते आणि प्रोसेसरला माहिती अर्ध्या वेगाने पोचते. ८ च्या दोन पट्ट्या हा आजच्या गेमसाठी किमान पाया समजा. माझ्याकडचे झटके सर्वांत जास्त कमी झाले ते दुसरी पट्टी लावल्यावर, आणि ती सगळ्यात स्वस्त वस्तू होती. २०२५ च्या शेवटाकडे रॅमच्या किमती खूप चढल्या, तेव्हा आता ती तेवढी स्वस्त राहिलेली नाही. तरीही क्रम तोच.

पट्टीवर ३२०० लिहिलेलं असलं तरी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी हे रॅमचं वेगाचं सेटिंग चालू केल्याशिवाय ती २१३३ किंवा २४०० वरच चालते. सीपीयू-झेड हा माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून मेमरीच्या पानावर बघा. तिथे दिसणारा आकडा दुप्पट करायचा, म्हणजे १६०० दिसला तर ३२०० चालू आहे.

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर २०० फ्रेम मिळवूनही डोळ्यांना ६० च दिसणार. अशा वेळी थोडे पैसे मॉनिटरकडे वळवणं जास्त समाधान देतं.

## ३. तुमच्या मदरबोर्डावर काय बसतं ते शोधा

सीपीयू-झेडच्या मेनबोर्डच्या पानावर मदरबोर्डाचं नाव, आवृत्ती आणि बायोसचा क्रमांक मिळतो. तिन्ही लिहून घ्या. मग मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी उघडा. तिथे प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कुठला बायोस हवा तेही दिलेलं असतं. दुकानदार "बैठ जाएगा भिया" म्हणाला तरी ही यादी स्वतः पाहायची.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाले (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) नशीबवान आहेत. २०१७ चा पहिला रायझन आणि २०२२ चा रायझन ५ ५६०० एकाच सॉकेटमध्ये बसतात. बी४५० सारख्या जुन्या बोर्डालाही बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिका चालते. म्हणून माझा मदरबोर्ड आणि रॅम वाचली.

इंटेलकडे सॉकेट भराभर बदलले. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी यांचा सॉकेट दिसायला एकच, एलजीए ११५१, पण बोर्डावरची नियंत्रक चिप, म्हणजे चिपसेट, वेगळे, म्हणून एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर चालत नाही. दहावी-अकरावी एलजीए १२०० वर. बारावी, तेरावी, चौदावी एलजीए १७०० वर. त्यापुढचे कोअर अल्ट्रा २०० वेगळ्याच १८५१ वर. सातव्या पिढीचा आय५ असेल तर त्याच बोर्डासाठी जुना आय७ शोधत फिरू नका. बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही एकत्र बदलायला पैसे साठवा.

विंडोजचाही विचार करा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची सातवी पिढी किंवा पहिले रायझन जवळजवळ नाहीतच. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या दोन सोयी) मागतो. प्रोसेसर बदलायला हेही एक सबळ कारण आहे.

## ४. प्रोसेसर निवडताना

गेमिंगसाठी सहा कोअर, बारा थ्रेड ही आजची आरामाची जागा. एएम४ वर रायझन ५ ५६००, इंटेल एलजीए १७०० वर आय५ १२४००एफ. पैसे अगदीच बेताचे असतील तर चार कोअर, आठ थ्रेडचा आय३ १२१००एफ सुद्धा जुन्या आय७ ७७०० ला मागे टाकतो. "आय७" हे तीन अक्षरी नाव ऐकून भुलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय७ आणि त्यांच्यासाठी नव्याने छापलेले स्वस्त बोर्ड "गेमिंग पीसी" म्हणून विकले जातात आणि मुलांच्या हट्टापायी आई-वडील ते घेतात. आय७ पुढचे आकडे वाचा. पिढी तिथे लिहिलेली असते.

इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड बंद पडलं तर पडदा काळा. रायझन ५ ५६०० चंही तसंच.

एएम४ वर असलेल्यांसाठी एक खास गोष्ट म्हणजे एक्स३डी. रायझन ७ ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये आणि ५७००एक्स३डी जानेवारी २०२४ मध्ये आले. यांच्यावर ९६ एमबीचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि गेममध्ये तो खरोखर कामी येतो. कुठे चांगल्या स्थितीत, बिलासह मिळाला तर जुन्या बोर्डाला अनेक वर्षं देऊन जातो. त्यासोबत कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) येत नाही, तो वेगळा धरा.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. इंटेलने बायोसमधून येणारी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर जुना घेत असाल तर आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केला हे विचारा. झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही.

सगळंच नवं घ्यायचं असेल तर माझा कल एएम५ कडे. त्यावर डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅमच चालते, म्हणून सुरुवात महाग पडते. पण एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचं जाहीर केलंय, म्हणजे पुढचं अपग्रेड फक्त प्रोसेसरचं राहील. एलजीए १७०० घेणार असाल तर बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हे खोक्यावर वाचा. दोन्ही मिळतात आणि खाच वेगळी असते.

## ५. ग्राफिक्स कार्ड निवडताना

पहिली गोष्ट, जीबी म्हणजे ताकद नव्हे. जेल रोडच्या एका दुकानात एक गृहस्थ मुलासाठी कार्ड घेत होते. दुकानदार म्हणाला, "भिया, चार जीबी है, मक्खन चलेगा." खोक्यावर जीटी ७३० होतं. ते कार्ड २०१४ चं आणि तेव्हाही गेमसाठी नव्हतं. मुलगा गप्प उभा होता, त्याला कळत होतं पण दोन मोठ्यांच्या मधे बोलायचं कसं हा प्रश्न. मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं की, काका, घ्यायच्या आधी या नावाने त्याच्या गेमचा व्हिडिओ मोबाईलवर लावून बघा. तुम्हीही हेच करा. कार्डाचं पूर्ण नाव, सोबत तुमचा प्रोसेसर आणि तुमचा गेम असा शोध घ्या.

दुसरी गोष्ट, एकाच नावाची वेगवेगळी कार्डं असतात. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं आणि ८ जीबीचं मॉडेल आहे. ८ वाल्यात मेमरीची वाटही अरुंद आहे, म्हणून ते सरळ हळू चालतं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ८ वाल्यापेक्षा कमजोर आहे, पण ते फक्त ७० वॅट खातं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. साध्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायला ते चांगलं.

तिसरी गोष्ट व्हीरॅमची. १०८० वर आजही ८ जीबीत खेळता येतं, पण नव्या गेममध्ये टेक्स्चर वरच्या सेटिंगला नेलं की ८ जीबी भरतं. भरलं की भिंती-जमिनी मळकट दिसतात किंवा गेम अचानक थबकतो. चार-पाच वर्षं कार्ड चालवायचं असेल तर १२ किंवा १६ जीबीकडे बघा: इंटेल आर्क बी५८०, रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ चं मॉडेल, आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ चं मॉडेल. शेवटच्या दोघांची ८ जीबीची मॉडेलही त्याच नावाने विकली जातात, म्हणून बिलावर १६ जीबी लिहून घ्या.

बी४५० सारखा जुना बोर्ड असेल तर कार्ड जोडणारा मार्ग जुन्या पिढीचा, पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, हे लक्षात ठेवा. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० ही कार्डं त्या मार्गाच्या सोळापैकी आठच लेन (पदरी) वापरतात. जुन्या बोर्डावर थोडासा तोटा होतो, पण व्हीरॅम ओसंडला की तोटा वाढतो. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं, ते जुन्या बोर्डावर अजिबात घेऊ नका. आर्क बी५८० ला बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू असणं गरजेचं आहे आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं. माझ्या १२०० सोबत ते वाया गेलं असतं.

चौथं, कॅबिनेट उघडा आणि टेप घेऊन मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. कार्डाची लांबी कंपनीच्या पानावर असते. दोन-अडीच स्लॉटची (बोर्डावरच्या कार्डं बसण्याच्या खाचांची) जाडीही पाहा, खाली साऊंड कार्ड किंवा वायफाय कार्ड असेल तर ते झाकलं जातं.

## ६. एसएमपीएस, यूपीएस आणि घरची वीज

या पायरीवर मला मनापासून थांबायचंय, कारण इथे चूक झाली तर नुकसान फक्त पैशांचं राहत नाही.

१०५० टीआयला वेगळी पॉवर केबल लागत नव्हती. ७५ वॅटपर्यंतची वीज स्लॉटमधूनच मिळते. ३०६० ला १७० वॅट आणि आठ पिनांची केबल लागते. माझ्या कॅबिनेटसोबत आलेल्या "४५० वॅट" एसएमपीएसला ती केबल नव्हतीच. दुकानदाराने जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून आठ पिन करणारी एक जोडणी हातावर ठेवली. साधारण तीन आठवड्यांनी खेळताना गरम प्लॅस्टिकचा वास आला. बंद करून झाकण काढलं तर मोलेक्सचा पांढरा कनेक्टर एका पिनाभोवती पिवळा-तपकिरी झालेला आणि ओढल्यावर सुटेना. आईने वास स्वयंपाकघरातून ओळखला होता, मी हेडफोन लावून बसलो होतो. ती जोडणी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

हिशेब सोपा आहे. आठ पिनांची एक केबल १५० वॅट, सहा पिनांची ७५ आणि स्लॉट ७५. रायझन ५ ५६०० ९० वॅटच्या आत राहतो, कार्ड १७०, बाकी बोर्ड-रॅम-पंखे-डिस्क मिळून ५०-६० धरा. बेरीज सव्वातीनशेच्या आत. यावर ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) दर्जाचा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरतो. कार्डाच्या कंपनीने किमान वॅट सुचवलेले असतात, त्याखाली जायचं नाही. खोक्यावरच्या एकूण वॅटपेक्षा बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती वॅट लिहिलेत ते महत्त्वाचं. स्वस्त एसएमपीएसमध्ये तिथे फार कमी असतं.

मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतली तारांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो. नव्या कार्डांवरची सोळा पिनांची बारीक केबल पूर्ण आत गेली की नाही हे टॉर्च लावून बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या ज्या बातम्या आल्या, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं.

आता यूपीएस. आपल्याकडे घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, आणि त्याचे खरे वॅट बहुधा ३६० च. नव्या कार्डावर गेम चालू असताना वीज गेली की तो एक टिट् करून बंद पडतो आणि लोक एसएमपीएसला दोष देतात. त्यावर फक्त गेम जतन करून बंद करण्याइतका वेळ हवा असेल तरी १००० व्हीएच्या पुढचा बघा. रामबाग, नारायण बाग भागातल्या जुन्या घरांत अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नव्या वस्तू बसवण्याआधी हे काम.

## ७. बाजारात: बिल, कागद आणि जुनं कार्ड

आधी दोन-तीन ऑनलाइन ठिकाणी किंमत पाहून घ्या, मग सिल्व्हर मॉलमध्ये किमान तीन दुकानं फिरा. शंभर-दोनशेच्या फरकासाठी ऑनलाइन जाऊ नका. काही अडलं तर बोलायला समोर माणूस असणं मोलाचं आहे. ऑनलाइन घेतलंत तर खोकं फोडतानाचा न तोडलेला व्हिडिओ काढा, सील आणि सिरियल क्रमांक स्पष्ट दिसू द्या.

"बिना बिल का ले लो, अठरा टका बच जाएगा" हे ऐकायला मिळेलच. घेऊ नका. वॉरंटी लागते तेव्हा त्या कागदाची किंमत कळते. घरी येताना जवळ हे असू द्या:

- जीएसटी बिल, त्यावर कार्डाचं पूर्ण नाव, जीबी आणि सिरियल क्रमांक
- खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या सिरियल क्रमांकाचा फोटो, दोन्ही जुळलेले
- वॉरंटी किती वर्षं आणि ती भारतात कुणाकडे द्यायची, हे बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर लिहिलेलं
- बदलून देण्याची मुदत, दुकानदाराच्या सहीने

जुनं कार्ड घेणं वाईट नाही, घाई वाईट आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली काही अजून हातोहात फिरतायत. विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानात, कॉम्प्युटरला लावलेल्या स्थितीतच बघा. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. नाव बदलून छापलेली जुनी चिप असेल तर तो नावाआधीच फेक असं दाखवतो. मग वीस मिनिटं जड गेम चालवा. चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांत २५-३० अंशांपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर आतली पेस्ट वाळली आहे. पंखे घरघरतात का, स्क्रू उघडल्याच्या खुणा आहेत का, मागच्या पट्टीवर गंज आहे का ते पाहा. जीटीएक्स १० मालिका आता स्वस्तातही नको. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने तिला गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर देणं थांबवलंय.

## ८. बसवण्याचा दिवस

हाताशी ठेवा: चुंबकी टोकाचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, सुती कापड, टॉर्च, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह.

प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा. नव्या प्रोसेसरवर जुना बायोस सुरूच होत नाही आणि मग जुना परत बसवावा लागतो. अपडेट चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस जोडलेला हवा. या वेळी भार कमी असतो, ६०० व्हीएचाही चालतो. काही बोर्डांवर नवा बायोस टाकला की जुने प्रोसेसर चालत नाहीत, तेव्हा कंपनीच्या पानावरची टीप पूर्ण वाचा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि तो तात्पुरता थांबवा. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत विचारणा आली, की एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) नव्याने सुरू करायचं का, वाय की एन. मी तेव्हा दहा मिनिटं तसाच बसलो होतो. की जवळ असेल तर निर्धास्त वाय दाबा. की नसेल आणि डिस्क बिटलॉकरने बंद असेल, तर वाय दाबल्यावर आतलं सगळं अडकू शकतं.

एएम४ चा कूलर कधीही सरळ वर ओढायचा नाही. जुनी पेस्ट डिंकासारखी चिकटते आणि प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून कूलरसोबत वर येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून तो कोमट करा, कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, मग स्क्रू सोडवून कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळा. सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. स्क्रू निघाले की बोर्डामागची लोखंडी पट्टी सुटून पडते, म्हणून कॅबिनेट आडवं करून मागे एक हात द्या. मी माझ्या आत्येभावाला फक्त ती पट्टी धरायला बोलावलं होतं.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय. पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी.

कार्डासाठी आधी डीडीयू या प्रोग्रामने जुने ड्रायव्हर काढा, विशेषतः कंपनी बदलत असाल तर. स्लॉटच्या टोकाची खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत कार्ड दाबा, मग स्क्रू, मग पॉवर केबल. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा. मदरबोर्डाच्या पोर्टला लावून "नवं कार्ड चालत नाही" म्हणणारे मी बरेच पाहिलेत. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर खरंच १४४ हर्ट्झवर आहे का ते बघा, तो आपोआप ६० वर बसलेला असतो.

## ९. पहिला आठवडा

बदलून देण्याची मुदत संपण्याआधी सगळं ताणून बघा. पहिल्या पायरीतला तोच गेम, तीच जागा, तीच वीस मिनिटं. माझं ३०६० आता ९७ टक्क्यांवर चालतं आणि फ्रेम-टाइमची रेघ सपाट असते.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जानेवारीत ६८ अंशांवर असलेलं कार्ड ८० च्या जवळ गेलं तर घाबरू नका. प्रोसेसर ९० ला टेकू लागला तर मात्र पंखे आणि जाळी साफ करा. खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलावा आणि धूळ मिळून पंख्यांवर चिखलासारखा थर बसतो, तो मी ब्रशने खरवडून काढलाय.

खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. माझा १२०० आणि १०५० टीआय आता राजेंद्र नगरला आत्येभावाच्या धाकट्या बहिणीकडे आहेत. ती त्यावर माइनक्राफ्ट खेळते, आणि त्याला ते पुरतात.